केसपेपर आईचा, कंबर मुलाची

मावशींची फाइल माझ्या कपाटातल्या सगळ्यात जाड फायलींपैकी एक. वय ६७, मधुमेह ११ वर्षांचा, ब्लडप्रेशर त्याहून जुनं, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या येतात आणि त्यांना घेऊन त्यांचा थोरला लेक येतो. तो आईची पिशवी धरतो, जुनं प्रिस्क्रिप्शन टेबलावर ठेवतो, "गोळ्या त्याच ना मॅडम?" एवढं विचारतो, पैसे देतो आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागतो. चार वर्षं हे असंच चाललं होतं. म्हणजे चाळीसेक वेळा हा माणूस माझ्यापासून तीन फुटांवर उभा राहून गेला. त्याच्या नावाची फाइल नव्हती, कारण तो पेशंट नव्हता.

हे प्रकरण त्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि नावं मुद्दामच घातलेली नाहीत.

माझा दवाखाना भांडुप पश्चिमेला, टेकडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर. आमच्याकडे निम्मी वस्ती कोकणातली. मे महिन्यात आणि गणपतीत दवाखाना ओस, एरवी उभं राहायला जागा नाही. अशा गर्दीत जो "मला काही होत नाही" म्हणतो, त्याच्याकडे बघायला कोणाला वेळ असतो? या लेकाकडे माझं लक्ष गेलं तेही माझ्या हुशारीने नाही. आदल्या पावसाळ्यात माझ्याच एका म्हाताऱ्या पेशंटचा ४६ वर्षांचा मुलगा हार्ट अटॅकने मोठ्या हॉस्पिटलात दाखल झाला, आणि तिथे पहिल्यांदा कळलं की त्याची साखर ३१२ आहे. वाचला. पण तोही वडिलांना घेऊन सहा वर्षं माझ्याकडे येत होता. त्याच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्याच्या बायकोने मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी टेबलाच्या खणात एक मोजपट्टी ठेवली. शिंप्याची असते तशी, पिवळी.

एकाच माणसाचे ५० आणि ८०

मधुमेहाचा धोका रक्त न काढता जोखायचा एक सोपा गुणांक आपल्याकडे आहे: इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमधल्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो मांडला. चारच गोष्टी विचारायच्या. वय ३५ च्या आत असेल तर शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशी गाठली की ३०. कंबर: पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत शून्य, ९० ते ९९ ला १०, शंभर आणि पुढे २०, बायकांत हेच टप्पे ८० आणि ९० चे. हालचाल: नियमित व्यायामही आहे आणि काम अंगमेहनतीचंही आहे तर शून्य, दोन्हींपैकी एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०. शेवटी आईवडील: दोघांनाही मधुमेह नाही तर शून्य, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज शंभरपर्यंत जाते. साठ किंवा वर म्हणजे धोका जास्त, ३० ते ५० मध्यम, तीसच्या खाली कमी.

कागदावर दोन मिनिटांचं काम. मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी मावशींचं झाल्यावर मी लेकाला म्हटलं, "तुम्ही बसा जरा." तो बसला, पण खुर्चीच्या कडेवर.

वय ४४. वीस गुण. इथे वादाला जागा नाही.

कंबर? "चौतीस नंबरची पँट लागते मॅडम." चौतीस इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर, म्हणजे शून्य गुण. मी मोजपट्टी काढली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड या दोहोंच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, शर्ट वर करून: ९७. पँट चौतीसचीच होती, फक्त ती पोटाच्या खाली बांधलेली होती. मुंबईतल्या अर्ध्या पुरुषांची पँट तिथेच असते. बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीची खूण जिथे असते तिथेच टेप लावायचा मोह होतो, तोही चुकीचाच. नाडी बहुधा बेंबीच्या खाली असते. असो. शून्याचे दहा झाले.

हालचाल? "दिवसभर उभाच असतो, गोडाऊनला. शिवाय आमची टेकडी आहेच की चढायला." उत्तर ऐकायला छान होतं, मी २० लिहिणारच होते. मावशी मध्येच म्हणाल्या, "टेकडी खय रे आता?" खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी वरची खोली गेली आणि ते खाली नव्या इमारतीत आले, नवव्या मजल्यावर, लिफ्टवाल्या. गोडाऊनमध्ये तो आधी माल मोजायचा, आता सुपरवायझर आहे. समोर कॉम्प्युटर, बाजूला कॅमेऱ्याचा पडदा. कंपनीची बस नाक्यावरून उचलते आणि नाक्यावरच सोडते. तीस गुण. बढती मिळाली, घर मिळालं, आणि दोन्हींनी मिळून दहा गुण वाढवले.

आईवडील? आई समोरच बसलेली: दहा. "वडील?" "नाही, त्यांना साखर नव्हती. हार्टने गेले, गावी. ५४ वर्षांचे होते." कोणी तपासली होती का, असं मी मावशींना विचारलं. त्यांनी पदर नीट केला.

"त्यांका कसली साखर? पायाक खिळो लागललो, तो बरोच होईना. मगे अंगठो काढलो."

लेकाला हे माहीत होतं. इतकी वर्षं त्याच्या डोक्यात ती खिळ्याची गोष्ट होती, साखरेची नव्हती. न भरणारी जखम, कापलेला अंगठा आणि चोपन्नाव्या वर्षी हृदयविकार; सिद्ध मी करू शकत नाही, पण मी त्या रकान्यात वीस लिहिलं.

तर जसं तो सांगत होता तसं लिहिलं असतं तर २० अधिक शून्य अधिक २० अधिक १०: पन्नास, मध्यम धोका, "तब्येतीला जपा" म्हणून घरी. नीट विचारल्यावर ८०. वडिलांचं सोडून दिलं तरी ७०. माणूस तोच, संध्याकाळ तीच. शिबिरांमध्ये हे फॉर्म रांगेत भराभर भरले जातात तेव्हा मला हा पन्नास आठवतो. "माहीत नाही" याचं "नाही" होतं, आणि "नाही"चं शून्य.

दिसायला तो बारीक होता, हेही सांगायला हवं. उंची १६८, वजन ६६, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेतेवीसच्या आत. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. पाश्चात्त्य कोष्टकात हे वजन बिनघोर बसतं. आशियाई लोकांसाठी मात्र २३ च्या पुढेच जपायला सांगतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये छापून आलेला फोटो डॉक्टरमंडळींत प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते मोजपट्टीला दिसतं, ते यामुळेच.

हापूसची साखर

गुण ८० आल्यावर मी तिथल्या तिथे बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर २८६.

तो पांढरा पडला. मीही क्षणभर गप्प झाले, कारण त्याला लघवीचा, तहानेचा, वजन उतरण्याचा कसलाच त्रास नव्हता. मग वास आला. मे महिना, कोकणी माणूस, आणि सीझनला हापूसच्या पेट्या विकायचा त्याचा जोडधंदा. दवाखान्यात यायच्या आधी तो पेटीतले डागी आंबे वेगळे काढत बसला होता. मी त्याला मोरीत साबणाने हात धुवायला लावले, बोट कोरडं केलं, पहिला थेंब पुसून दुसरा घेतला: १७१.

बोटाला फळाचा रस असेल तर यंत्र रक्ताबरोबर रसातली साखरही मोजतं. स्पिरिटचा बोळा फिरवून ते जात नाही, हात धुवावेच लागतात. पावसाळ्यात याच्या उलटसुलट घोटाळे होतात: डबीचं झाकण उघडं राहतं, स्ट्रिप ओल धरतात आणि आकडे वाट्टेल तसे येतात. यंत्र चांगलं असलं तरी शंभरच्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे चालतं, असं प्रमाणकच आहे. म्हणून ग्लुकोमीटरवर संशय घ्यायचा, निदान करायचं नाही.

१७१ वर संशय घेणं भागच होतं. मधुमेहासारख्या आजारांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केव्हाही काढलेली साखर १४० च्या वर गेली की पुढच्या तपासणीला पाठवतात. मी मावशींच्याच प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर लिहिलं, "मुलगा: उपाशीपोटी साखर", आणि म्हटलं, सोमवारी करून घ्या.

मे ते सप्टेंबर

या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं जे आहे ते इथे आहे, आणि ते माझ्याच गलथानपणाचं आहे.

सोमवारी तो गेला नाही. कंपनीची बस सव्वासहाला, लॅबचं कलेक्शन साडेसातला. रविवारी लॅब बंद. जूनमध्ये तो आईला घेऊन आला, पण बाहेर तापाचे पंधरा पेशंट होते. मी विचारलं, "केली का?" तो म्हणाला, "शिफ्ट आहे मॅडम, करतो." जूनचं प्रिस्क्रिप्शन नवं आलं आणि मागचं, त्याच्या पाठीवरच्या माझ्या ओळीसकट, कचऱ्यात गेलं. जुलैत सून आली. ऑगस्टमध्ये तो पुन्हा आला आणि म्हणाला, "गणपती होऊन जाऊ देत." मी म्हटलं, ठीक आहे. मला खरोखर ठीक वाटलं. ज्याला काही दुखत नाही, त्याला उपाशीपोटी ताटकळत ठेवायला आपल्यालाच संकोच वाटतो.

माझ्याकडे त्याची फाइल नव्हती, रजिस्टर नव्हतं, फोन नंबर आईच्याच फायलीत होता. धोका ओळखण्यात मी पास झाले आणि पुढच्या पायरीवर चार महिने नापास होत राहिले. माझ्या मते चाळणीचं, म्हणजे त्रास नसलेल्यांतून आजार हुडकण्याचं, सगळं मातेरं इथेच होतं. शिबिर घ्यायला, गुण मोजायला, बोट टोचायला आपण तयार असतो, त्याचे फोटोही निघतात. पुढची उपाशीपोटीची तपासणी मात्र "त्यांना सांगितलंय" या दोन शब्दांवर सोडलेली असते.

महापालिकेच्या आरोग्यसेविका घरोघर जाऊन तिशीच्या पुढच्यांची नोंद करतात, दवाखान्यांत साखर फुकट तपासली जाते, २०२२ पासून सुरू झालेले आपला दवाखाना तर संध्याकाळीही उघडे असतात. पण सेविका दुपारी दार वाजवते तेव्हा घरात कोण असतं? आजी, सून, रिटायर झालेले आजोबा. हा माणूस तेव्हा गोडाऊनमध्ये असतो. मुंबईत २०२१ मध्ये महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने पाहणी केली, तीत १८ ते ६९ वयाच्या सुमारे १८ टक्के लोकांची साखर मधुमेहाच्या पातळीची होती किंवा त्यावर औषध चालू होतं. पाचांत जवळपास एक. आमच्या रांगेत बसलेल्यांपेक्षा रांगेत बसलेल्यांना सोडायला आलेल्यांत तो एक शोधणं जास्त अवघड.

"नॉर्मल आलं मॅडम"

गणपती आटोपल्यावर तो स्वतःहून रिपोर्ट घेऊन आला. खूश होता. उपाशीपोटी १०९, आणि बाजूला छापलेलं: ७० ते ११०.

इथे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे त्या छापील मर्यादेवर सगळ्यांचं एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना ११० पासून पुढे काळजी करते, अमेरिकेची डायबेटिस संघटना १०० पासून. १०९ हा आकडा एकाच्या दारात आत आणि दुसऱ्याच्या दारात बाहेर. दुसरी गोष्ट मला जास्त खुपली. रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ ७.४० होती आणि तपासल्याची १२.१५. मी कलेक्शनच्या मुलाला फोन केला. कोणत्या झाकणाची बाटली? "लाल, मॅडम. बाकीच्या टेस्टपण होत्या ना, एकातच घेतलं."

साध्या बाटलीत रक्त तसंच राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात बसतात, खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के. साखरेसाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइडची बाटली असते ती त्याचसाठी. साडेचार तास, सप्टेंबरचा उकाडा, गाडीवरची पेटी. मूळ आकडा काय होता हे उलटं गणित मांडून काढता येत नाही. पण त्या १०९ वर विश्वास ठेवण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

तसंही उपाशीपोटीची एकटी साखर आपल्या लोकांत पुष्कळदा फसवते. कितीतरी जणांची सकाळची साखर सभ्य असते आणि जेवल्यावरची बेफाम. म्हणून मी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची ठरवली. त्याला म्हटलं, दोन तास जातील. २ ऑक्टोबरला कंपनीला सुट्टी होती आणि स्वतःचं मशीन असलेली एक लॅब अर्धा दिवस उघडी. ठरलं.

जाता जाता तो म्हणाला, "मॅडम, मी तयारी केलीय. आठवडा झाला, भात बंद."

हे बरं झालं त्याने सांगितलं. या तपासणीच्या आधी तीन दिवस नेहमीसारखं, भात-पोळी धरून जेवावं लागतं; भात तोडून गेलं की शरीर अचानक आलेल्या ग्लुकोजला नीट तोंड देत नाही आणि आकडा खोटाच चढतो. लोकांना वाटतं ही परीक्षा आहे, आधी अभ्यास करून जायचं. मी म्हटलं, तीन दिवस रोजचं जेवा. मावशींना एवढा आनंद माझ्या कुठल्याच सल्ल्याने झाला नव्हता, म्हणाल्या, "तरी मी सांगीत होतंय."

त्याने अडीचशे मिलिलिटर पाण्यातलं ते गोडमिट्ट मिश्रण पाच मिनिटांत संपवलं आणि सांगितल्याप्रमाणे दोन तास खुर्चीतून हलला नाही. "खाली फेरफटका मारून या" असं लॅबवाले सर्रास सांगतात, त्याने दोन तासांचा आकडा खाली येतो. रिपोर्ट आला: उपाशीपोटी ११९, दोन तासांनी २१८. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, ६.८.

उपाशीपोटी १२६, दोन तासांनी २००, एचबीएवनसी ६.५: या निदानाच्या रेषा. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारायचा नाही, दोन हवेत. त्याचे दोन वेगवेगळे आकडे रेषेपलीकडे होते, तिसरा अलीकडे. हिमोग्लोबिन १४.२, म्हणजे एचबीएवनसीवर शंका घ्यायला जागा नव्हती. टाइप टू मधुमेह. फक्त सकाळची साखर बघत राहिले असते तर आणखी काही वर्षं तो "बॉर्डरवर" राहिला असता.

मावशींनी एकच विचारलं: "माझ्यामुळे झाला काय ह्याका?" मी नाही म्हटलं. पूर्ण खरं नव्हतं ते, पण त्या क्षणाला दुसरं उत्तर सुचलं नाही.

त्याचा प्रश्न वेगळा होता. कंपनीत कळेल का, आणि नुकतीच घेतलेली विम्याची पॉलिसी? मी या प्रश्नाला आधी हसण्यावारी नेणार होते. नंतर वाटलं, चार महिने तपासणी लांबवण्यामागे शिफ्टइतकंच हेही असणार. न कळलेला आजार फॉर्ममध्ये लिहावा लागत नाही.

सूनबाईंचे पन्नास गुण

त्याच आठवड्यात सून आली. वय ३८, कंबर ८२, घरकाम आणि पाळणाघराची धावपळ म्हणून हालचालीचे २०, माहेरी कोणाला नाही. बेरीज ५०, मध्यम. या गुणांकाच्या चार प्रश्नांत एक प्रश्न नाहीच, तो मी सवयीने विचारला: बाळंतपणात साखर वाढली होती का?

"दुसऱ्या वेळी वाढली होती. डिलिव्हरीनंतर गेली."

गेली, हे कोणी बघितलं? कोणीच नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या पुढे ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची असते. तेव्हा ती गावी होती, मांडीवर पोर. नऊ वर्षं झाली. गरोदरपणी मधुमेह झालेल्या बाईला पुढे टाइप टू होण्याचा धोका इतर बायकांच्या सात ते दहा पट असतो. तिचे पन्नास गुण माझ्या लेखी साठच्या वरचे.

आधी तिची एचबीएवनसी केली ती चूक झाली, आकडा ६.२ आला आणि मी उगाच घाबरवलं. हिमोग्लोबिन निघालं ८.७. लोह कमी असलं की लाल पेशी जास्त दिवस टिकतात आणि एचबीएवनसी खोटीच वर दिसते. आपल्याकडे बायकांत ॲनिमिया इतका की हा आकडा हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय वाचूच नये. ग्लुकोजची तपासणी केली तेव्हा उपाशीपोटी ९४, दोन तासांनी १५१. म्हणजे मधुमेह नाही, पण १४० ते १९९ च्या मधल्या उंबरठ्यावर. लोहाच्या गोळ्यांनंतर एचबीएवनसी ५.८ वर उतरली.

इथे मात्र हातात काहीतरी आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. तीन वर्षांत काहीच न केलेल्या गटातले ५५ टक्के मधुमेही झाले, आहार-व्यायाम सांभाळलेल्यांतले ३९.३ टक्के. मी सुनेला हे आकडे नाही सांगितले. पाळणाघरातून येताना रिक्षा सोडा, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, रिक्षा कधी करतच नाही, पैसे कुठे आहेत. मग आम्ही दुपारच्या चहाबरोबरच्या टोस्ट-खारीवर आलो, आणि रात्री साडेदहाला, सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात संपवून टाकण्यावर.

इतकं करून

एक गोष्ट मला गप्प बसू देत नाही. चाळणीने माणसं वाचतात का? इंग्लंडमध्ये ॲडिशन-केंब्रिज नावाची चाचणी झाली, निकाल २०१२ मध्ये आला. धोका जास्त असलेल्या वीस हजारांहून जास्त लोकांत, तेहतीस दवाखान्यांत. चाळणी केलेल्या आणि न केलेल्या गटांत सुमारे दहा वर्षांनीही मृत्यूंत फरक नव्हता. हे वाचून मोजपट्टी परत खणात टाकावीशी वाटते. पण तिथे चाळणीत सापडणारे मुळात थोडे, आणि एरवीच्या ये-जा करण्यातही लोकांची साखर तपासली जात होती. आमच्याकडे ती वडिलांचा अंगठा कापल्यावरही तपासली गेली नाही. तिकडचा निकाल भांडुपला जसाच्या तसा लावायला मी तयार नाही; चाळणी म्हणजे सगळं झालं असंही मी म्हणणार नाही.

गुणांकाच्या मर्यादाही आहेत. मूळ अभ्यासात साठच्या रेषेने लपलेल्या मधुमेहींपैकी सुमारे ७२ टक्के सापडले. म्हणजे चारांत एकापेक्षा जास्त निसटले. आणि साठच्या वर गेलेल्या शंभरांत प्रत्यक्ष मधुमेह निघाला साधारण १७ जणांना. उरलेल्या त्र्याऐंशी जणांना मी विनाकारण उपाशी ठेवणार, हे लक्षात घेऊनच टेप लावायचा. एक स्ट्रिप वडापावाच्या किमतीत पडते. महाग पडते ती बुडालेली हजेरी.

लेकाच्या बाबतीत उशीर किती झाला होता, ते पुढच्या तपासण्यांत दिसलं. डोळ्यांचे पडदे स्वच्छ. पायाची संवेदना बघायला दहा ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळपायाला लावला, सगळीकडे समजला. पण लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे मूत्रपिंडातून गळणारं प्रथिन, ४६ आणि दोन महिन्यांनी पुन्हा ३८. तीसच्या आत हवं. प्रेशर १३८/८८. त्याला काही होत नव्हतं, तेव्हा मूत्रपिंडाला होत होतं.

मेटफॉर्मिन ५०० जेवणानंतर, प्रेशरची एक गोळी, कोलेस्टेरॉलची एक. गोडाऊनवर दिवसाला पाच कटिंग, प्रत्येकीत चमचाभर साखर, हे त्याने स्वतःच मोजून सांगितलं; चहा पाचच राहिला, साखर गेली. संध्याकाळचे दोन वडापाव एकावर आले, त्याखाली मी उतरवू शकले नाही. आठवड्यातून चार दिवस तो जुन्या घराच्या पायऱ्या चढून वरच्या देवळापर्यंत जातो. सुरुवातीला दोनदा थांबावं लागायचं. लहानपणी पाण्याचे हंडे घेऊन चढायचो, म्हणाला. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.१, कंबर ९२.

माझ्या केसपेपरवर आता वरच्या कोपऱ्यात एक रकाना आहे: "सोबत कोण". एक जाड वहीही केली आहे. ज्याला तपासणीला पाठवलं त्याचं नाव, फोन, तारीख. रिपोर्ट आला की रेघ मारायची. शनिवारी दुपारी माझी कंपाउंडर बाई रेघ नसलेल्यांना फोन करते. तिला लोक चिडून बोलतात, ती त्याहून चिडून बोलते.

त्या वहीत मावशींच्या धाकट्या लेकाचंही नाव आहे. राहायला विरार, वय ३९. वयाचे वीस, आईवडिलांचे वीस: टेप लावायच्या आधीच चाळीस. तीन फोन झाले. "दादाला आहे ना, मला काही होत नाही," म्हणतो. शिमग्याला सगळे गावी जातील तेव्हा दादा सोबत टेप घेऊन जाणार आहे.